चाळिसाव्या दिवशीची गाडी

चौथ्या सिलिंडरपाशी गव्रीलची चूक झाली. व्हॉल्व्ह बंद आहे की उघडा हे न बघताच त्याने काजळी खरवडायची कॉम्प्रेसरची नळी आत घातली आणि अक्रोडाच्या टरफलांचा भुगा सोडला. कोस्मिनने धावत येऊन हवा बंद केली, पण तोवर मूठभर भुगा थेट इंजिनाच्या पोटात गेला होता.

"काका, व्हॉल्व्ह मिटायला क्रँक फिरवली नाहीत तुम्ही."

"नाही फिरवली," गव्रील म्हणाला. दुसऱ्याच कुणाची चूक सांगावी तसा. तीस वर्षं ट्रॅक्टर दुरुस्त केलेला माणूस. एरवी कुणी असं केलं असतं तर त्याला पान्यासकट हाकलून दिलं असतं त्याने.

गाडी त्याच्या मुलाची, लिविउची. सहा सिलिंडर, वर टर्बो. तिच्या आवाजाने कोंबड्या अंडी घालत नाहीत, ही बर्लाड गावच्या त्या गल्लीतल्या म्हाताऱ्यांची जुनी तक्रार. गाडीला साधा ओरखडा नव्हता. लिविउ गेला तो दुसऱ्याच्या व्हॅनच्या अपघातात, इटलीला कामाला जाताना, मागच्या सीटवर झोपेत.

आज त्याचा चाळिसावा दिवस. दुपारी पाद्री यायचा होता. अंगणातल्या टेबलावर लिविउच्या वस्तू मांडायच्या आणि मेणबत्ती लावून एकेक कुणाच्या तरी हातात द्यायची. घेणाऱ्याने ती इथे वापरली की तिथे, मेल्यानंतरच्या जगात, लिविउला मिळते, अशी समजूत. फक्त वस्तू धड हवी. मोडकी दिली तर मोडकीच पोचते. म्हणून गव्रीलची बायको अग्लाया सकाळपासून पडवीत बसून त्याच्या कोटाची बटणं शिवत होती, आणि गव्रील इंजिन उघडून बसला होता. गाडी तिसऱ्या गियरला अडखळायची. व्हॉल्व्हच्या पाठीवर काजळीचा थर चढला होता, तव्याच्या बुडाला चढतो तसा.

गाडी देणार म्हटल्यावर गल्लीने तोंडात बोटं घातली. पाद्रीनेही समजावलं की पाव आणि मेणबत्ती पुरे आहे. गव्रील काही देवभोळा नव्हता. ईस्टर सोडला तर चर्चची पायरी चढत नसे. "तिथलं मला ठाऊक नाही," तो पाद्रीला म्हणाला होता. "पण काही असेलच, तर पोरानं पायी का हिंडावं?"

गॅरेजमध्ये टाका, असं कोस्मिनने सुचवून पाहिलं. तो लिविउचा शाळेपासूनचा मित्र, आणि गाडी त्यालाच मिळायची होती. त्याने दुकानातून तयार भुग्याची पिशवीही आणली होती. गव्रीलने ती उघडली नाही. मेलेल्याच्या नावाने वाटायच्या आजच्या गोड गव्हात घालायला अग्लायाने दोन टोपल्या अक्रोड फोडले होते. त्यांचीच टरफलं त्याने मक्याच्या चक्कीवर दळली, भट्टीत वाळवली, दोनदा चाळली. काजळी खरवडतात आणि लोखंडाला धक्का लावत नाहीत अशी ती टरफलं.

आता तीच आत अडकली होती. इंजिन तसंच सुरू केलं तर पिस्टनच्या दाबाखाली त्यांनीच सिलिंडरची सालटी काढली असती. कोस्मिनने स्पार्क प्लग काढला, व्हॅक्यूमला बारीक नळी जोडली आणि भोकातून ओढायला सुरुवात केली. मग हवेचा झोत, पुन्हा व्हॅक्यूम, पुन्हा हवा. गव्रील टॉर्च धरून उभा होता. त्याचं बोट कापलं होतं आणि रक्त मनगटापर्यंत आलं होतं. ते कोस्मिनने पाहिलं आणि फडकं गुंडाळलं. गव्रीलला काही वाटलं नाही. चाळीस दिवसांत कशाचंच काही वाटलं नव्हतं. दफनाच्या दिवशी शवपेटीमागून चालताना तो लोकांच्या कुंपणांच्या फळ्या मोजत होता.

साडेअकराला भुगा यायचा थांबला. पाचव्या आणि सहाव्या सिलिंडरला कोस्मिन दर वेळी मोठ्याने "बंद" म्हणाला, आणि मगच गव्रीलने नळी आत घातली. नवी गॅस्केटं बसली, मॅनिफोल्ड चढला. किल्ली फिरवल्यावर गाडी आधी खोकली, काळा धूर सोडला, आणि मग आवाज एकसारखा झाला.

पाद्री आला. कोट शेजारच्या सुताराला गेला, बूट त्या सुताराच्याच भावाला, अंथरूण पलीकडच्या विधवेला. शेवटी गव्रीलने मेणबत्ती खोचलेला पाव आणि किल्ली कोस्मिनच्या हातात ठेवली.

"लिविउच्या आत्म्याला पावो."

घेणाऱ्याने यावर 'बोग्दाप्रोस्ते' म्हणायचं असतं, देव त्याला क्षमा करो. कोस्मिनने किल्ली परत पुढे केली. नको काका, नको काका, असं तो तीन दिवस म्हणतच होता. शेवटी तो 'बोग्दाप्रोस्ते' म्हणाला, आणि पाव टेबलावर ठेवून गाडीत जाऊन बसला. पेला मिळाला तर लगेच त्यातून प्यायचं, तसं गाडी मिळाली तर लगेच चालवायची.

तो फाटकातून निघाला तो असा हळू, की जणू पुढे शवपेटी चालली आहे. गव्रील मागून गेला. त्याला धावावंही लागलं नाही. त्याने काचेवर टकटक केलं.

"तो असा चालवायचा का रे?"

"नाही काका."

"मग?"

कोस्मिनने डोळे पुसले आणि पाय दाबला. गाडी उसळली. दुसरा गियर, मग तिसरा. कुठेही अडखळली नाही. कुंपणांवरच्या कोंबड्या फडफडत खाली पडल्या. गव्रील रस्त्याच्या मधोमध मान कलती करून ऐकत राहिला.

अग्लाया गव्हाची वाटी हातात घेऊन त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली. आवाज वळणापलीकडे गेला तशी तिने त्याची बाही धरली, लिविउ गाडी काढायचा तेव्हा धरायची तशीच.

"अहो, हळू जा म्हणावं त्याला."

"आता काय व्हायचंय त्याला," गव्रील म्हणाला.