बाहेरच्या तारेवर

“चादरी आत आणि चड्ड्या बाहेर? कुणी घातलेत हे कपडे वाळत?” मर्लने विचारलं.

दिग्दर्शिका टॅमसिन लगबगीने परसात आली. “काय चुकलं?”

“सगळंच. चादरी नेहमी बाहेरच्या तारेवर, आतले कपडे आतल्या तारेवर. आपण घरात काय घालतो ते गल्लीला कशाला कळायला हवं?” मर्लने भराभर चिमटे काढले आणि चादरी बाहेरच्या बाजूला सरकवल्या. खांबावर गोल तारा ताणलेल्या वाळवणाच्या फिरत्या छत्रीभोवती पांढरी भिंत उभी राहिली. “आणि लिंडसेचा शर्ट अगदी मधोमध. मी विधवा, माझा मुलगा ग्रॅहम तेव्हा पर्थला मामाकडे. माझ्या तारेवर पुरुषाचा शर्ट दिसला असता तर खेळ तिथेच संपला असता.”

“हे मालिकेत घ्यायलाच हवं,” टॅमसिन म्हणाली.

मालिका हेरांची होती, १९७१ सालची. व्हिएतनामच्या लढाईला जायला नकार देणारी पोरं, त्यांना लपवणाऱ्या बायका आणि त्यांच्या मागावरचे सरकारी लोक. मेलबर्नच्या कोबर्गमधलं हे घर तेव्हाही मर्लचंच होतं. मागच्या खोलीत तिने लिंडसेला हिवाळाभर लपवलं होतं. आता तीस वर्षांनी त्याच खोलीत दिवे आणि वायरी पसरल्या होत्या. मर्लला हे सगळं मनापासून नकोसं होतं. पण लिंडसे हौसेने हो म्हणाला, म्हणून तीही हो म्हणाली. त्याला नाही म्हणणं तिला कधी जमलंच नव्हतं.

लिंडसे स्वयंपाकघराच्या पायरीवर बसून लॅमिंग्टन केक खात होता. पन्नाशी उलटली, टक्कल पडलं, पण खोबऱ्याचा चुरा मांडीवर सांडायची सवय काही गेली नव्हती. तुरुंगातून सुटल्यापासून दर रविवारी तो मर्लकडे जेवायला यायचा. सख्ख्या आईकडे तो इतका गेला नसेल. ग्रॅहम लांब राहायला गेला तो गेलाच. म्हातारपणी मर्लच्या दाराची बेल वाजवणारं माणूस म्हणजे लिंडसे.

चहा घ्यायला टॅमसिन आत आली आणि फ्रीजवरच्या फोटोपाशी थबकली. “हा देखणा माणूस कोण?”

“माझा ग्रॅहम. समुद्रात पोहायच्या शर्यतीत पहिला आला गेल्या महिन्यात. या वयात.” मर्लने फोटोवरची धूळ पदराने पुसावी तशी एप्रनने पुसली.

मग टॅमसिनने शेवटचा भाग समजावला. सरकारी लोकांची करडी गाडी हिवाळाभर गल्ल्यांतून फिरते. पोरगा कोबर्गमध्ये आहे एवढं त्यांना कळलंय, पण घर सापडत नाही. शेवटी पोराच्या बाजूचाच नेव्हिल त्यांना फोन करतो आणि घर दाखवतो.

“नेव्हला कशाला मधे आणता?” मर्ल म्हणाली. “गेला बिचारा गेल्या वर्षी.”

“आंटी, तुमचं मन मोठं आहे. माझं नाही,” लिंडसे म्हणाला. “सामान आणून द्यायला तोच यायचा. तुम्ही, मी आणि तो सोडून मी या घरात आहे हे चौथ्या माणसाला माहीत नव्हतं. मरेपर्यंत म्हणत राहिला, मी नाही, मी नाही. मी त्याच्याशी एक शब्द बोललो नाही.”

बोलला नव्हताच. नेव्हिलच्या अंत्यविधीलाही गेला नव्हता. मर्ल गेली होती, ताटभर सँडविच घेऊन, आणि सगळ्यांत जास्त तीच रडली होती.

“आणि नशीब बघा,” लिंडसे टॅमसिनला हसत सांगायला लागला. “सक्तीच्या सैन्यभरतीसाठी काढलेल्या जन्मतारखांच्या सोडतीत माझी तारीख निघाली, ग्रॅहमचीही निघाली. मी इथे जेलमध्ये बटाटे सोलत बसलो, आणि त्याच महिन्यात ग्रॅहमला सैन्याच्या डॉक्टरने तपासून घरी पाठवलं. म्हणे छाती नाजूक.”

“चहा गार होतोय तुझा,” मर्ल म्हणाली.

कॅमेरा मागच्या खोलीच्या खिडकीशी लावला. कुंपणापलीकडे गल्लीत करडी होल्डन गाडी आणून उभी केली. टॅमसिनने कॅमेऱ्याला डोळा लावला आणि वैतागली.

“गाडी दिसतच नाही. नुसत्या चादरी. इथून तुम्हाला काही दिसणं शक्यच नाही, लिंडसे.”

“दिसली होती ना. मी इथेच उभा होतो, टोस्टला लोणी लावत. माझा निळा चौकड्यांचा शर्ट वाऱ्यावर हलत होता आणि त्याच्या पलीकडे गाडी येऊन थांबली. अजून स्वप्नात येतं मला.”

“मग तसंच करू. ती चादर काढा रे, आणि शर्ट बाहेरच्या तारेवर लावा.”

कुणीतरी चादर काढली, शर्ट लावला. निळ्या चौकड्या हलल्या आणि त्यांच्या मागे करडी गाडी स्वच्छ दिसली.

“हो, अगदी असंच,” लिंडसे म्हणाला.

“असं नव्हतं,” मर्ल दारातून म्हणाली. “माझ्या तारेवर शर्ट बाहेर कधीच...”

लिंडसे खिडकीतून शर्टाकडे बघत राहिला. मग परसात आला आणि शर्टाची बाही दोन बोटांत धरून उभा राहिला. टॅमसिन दिवे हलवायला सांगत होती. मर्ल एप्रनच्या खिशातले चिमटे चाचपत होती.

“आंटी, त्या दिवशीही कपडे तुम्हीच वाळत घातले होते ना?” मागे वळून न बघता त्याने हळूच विचारलं, “ग्रॅहमची छाती कशी आहे आता?”