ब्याऐंशीचा झगा

गावातल्या बायका नव्या डॉक्टरीणबाईंना कंबर मोजू देईनात, म्हणून दवाखान्यानं शिंपीण पेन्काला टेप घेऊन बोलावलं. पहिलीच आली ती तिची जिवलग मैत्रीण रुस्का. "यूरिक ॲसिड वाढलंय, चरबीतून येणारं लेप्टिनही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बायकांत या दोघांसोबत कंबरही अठ्ठ्याऐंशी सेंटिमीटरच्या पुढे गेली, की साखर नि रक्तदाब मागे लागतात." रुस्का हसली. "रोज चीजची बनित्सा खाऊनही माझी ब्याऐंशीच! विचारा पेन्काला, तीस वर्षं हीच माझे कपडे शिवते." पेन्कानं टेप लावला. सवयीनं ओठांवर आलेलं ब्याऐंशी तिनं गिळलं. "शहाण्णव." "डोकं फिरलंय का तुझं?" रुस्का उसळली. "मग यंदा तू ब्याऐंशीचा शिवलेला निळा झगा मला बरोब्बर कसा बसला?" पेन्काची नजर टेपवरून हलेना. "आकडा तोच सांगत आले, रुस्के. कापड मात्र दरवर्षी वाढवत गेले."