मंगळवार, शुक्रवार

"हिला पाळी कधी सुरू झाली?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"आली न्हाई अजून," समीक्षाची आई हरणाबाई म्हणाली.

बाईंनी हातातला पायाचा एक्स-रे फोटो खाली ठेवला. समोर बसलेल्या समीक्षाकडं पुन्हा एकदा नीट बघितलं. पोरीला सतरावं लागलेलं. उंच, काटक, गालफडं बसलेली. साताऱ्याच्या मैदानावर शर्यतीच्या शेवटच्या फेरीत ती मटकन खाली बसली होती. कुणाचा धक्का नाही, ठेच नाही. नडगीचं हाड आपसूक तडकलं होतं.

हरणाबाईला एकच विचारायचं होतं, पोरगी पळणार कधी. पुढच्या महिन्यात राज्याची स्पर्धा. तिथं नंबर आला की पुण्याला खेळाडूंच्या वसतिगृहात जागा. एकदा ती माणदेशाबाहेर पडली की सुटली. थोरली सोनिया सुटली नव्हती. तीपण अशीच पळायची. पण ती शहाणी झाली, पहिली पाळी आली, त्याच दिवशी मल्हारनं तिची पळायची चड्डी चुलीत घातली. "आता रस्त्यानं मांड्या दावत पळायचं न्हाई," एवढंच बापाचं बोलणं. वर्षाच्या आत लगीन लागलं. आज सोनियाच्या कडेवर एक आहे आणि पोटात एक.

"जेवते काय ही?"

"सकाळी पळून आली की अर्धी भाकरी. सर म्हनत्यात, वजान वाढलं की पाय जड हुत्यात. आन मंगळवार-शुक्रवार आमी मायलेकी औंधच्या यमाईचा उपास धरतो. निस्त्या पान्यावर."

हे सांगताना तिचा आवाज जरा ताठ झाला. त्या उपासाचं गावात कौतुक होतं. पळायला शिकवणारे नाथाजी सर तर चारचौघांत म्हणायचे, आई असावी तर अशी. पोरीच्या पदकासाठी दर पुनवेला अनवाणी यमाईचा डोंगर चढते.

बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"एवढं पळायचं आणि पोटात काही नाही. मग शरीर पाळी रोखून धरतं. पाळी नाही आली की हाडं भरत नाहीत. ह्याच वयात भरायची असतात ती. तुमच्या मुलीची हाडं म्हाताऱ्या बाईसारखी झालीत."

"मग पळंल कवा?"

"पळण्याचं डोक्यातून काढा आता. तिला पोटभर खाऊ घाला, उपास बंद करा. आधी पाळी आली पाहिजे. तरी जेवढं भरायचं राहून गेलं, तेवढं सगळं परत भरून येणार नाही."

बाहेर बाकावर मल्हार मुंडासं मांडीवर घेऊन बसला होता. हरणाबाईनं जमेल तसं त्याला सांगितलं.

"बंद तर बंद," तो म्हणाला. "खाऊदे, बरी हुदे. शाणी झाली म्हंजे बिरदेवच्या पोराशी लगनाचं बगू. वाट बगत्यात ती मानसं."

तो काही वाईट बोलला नव्हता. त्याच्या घरात सगळ्या पोरींचं असंच झालं होतं. त्यानं मुंडासं बांधलं आणि गाडी बघायला गेला.

समीक्षा रडली नाही. तिनं आईचा पदर मुठीत धरला. लहानपणी जत्रेत धरायची तसा.

"आई, तू यमाईला सांग की. तुझं ती ऐकती."

यमाईनं ऐकलंच होतं. सोनियाच्या लग्नानंतर इतक्या पुनवा हरणाबाई डोंगर चढली, पण पदक तिनं देवीकडं एकदाही मागितलं नव्हतं. पायरीवर डोकं टेकून दर खेपेला ती एकच म्हणायची, "आई, हिला शाणी करू नगंस."