तारायानाचं शेवटचं प्रकरण

“आज शेवटचं प्रकरण. ते झालं की जेवतो,” गुरुबसप्पा म्हणाले आणि त्यांनी भाकरीचं ताट बाजूला सारलं.

“आधी दोन घास खावा. यान कुटं पळून चाललंय?” गिरिजाबाई म्हणाल्या.

“चार दिवस हेच म्हणतीस.”

खरंच, निळ्या पुठ्ठ्याच्या त्या कादंबरीपाशी येऊन गिरिजाबाईंचं घोडं अडलं होतं.

वर्षापूर्वी काचबिंदूनं गुरुबसप्पांची नजर गेली. आता इलाज नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं त्या दिवशी ते भिंतीकडं तोंड करून झोपले आणि त्यांनी जेवण सोडलं. मुलगा विरेश, नात पिंकी, सगळ्यांनी विनवलं. शेवटी गिरिजाबाईंनी फळीवरचं एक पुस्तक काढलं, उशाशी बसून उघडलं आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. दुसऱ्या पानाला गुरुबसप्पांनी कूस बदलली. चौथ्या पानाला पाणी मागितलं. तेव्हापासून रीतच पडली. आधी प्रकरण, मग जेवण.

फळीवर एकेचाळीस पुस्तकं होती. चंद्रावरच्या स्वाऱ्या, पाताळातली राज्यं, बोलणारी यंत्रं. गुरुबसप्पा गिरणीत होते तेव्हा रद्दीच्या दुकानातून एकेक निवडून आणलेली. तेव्हा हे कुटुंब अजून कुंभारी गावाला राहायला आलं नव्हतं, शहरात चाळीत राहत होतं. पाळी संपवून आले की ओट्यावर बसून गुरुबसप्पा मोठ्यानं वाचत आणि गिरिजाबाई आणि चाळीतल्या बाया मांडीवर सूप घेऊन विड्या वळत ऐकत. गोष्ट रंगली की हजार विड्या कधी झाल्या ते कळत नसे. आवडतं पुस्तक बाया पाच-पाचदा वाचायला लावत. निळं मात्र एकदाच वाचलं गेलं. त्याचा शेवट ऐकून बाया इतक्या रडल्या की त्या दिवशी विड्यांची पानं तशीच वाळून गेली.

गिरिजाबाईंच्या ध्यानातून काही जात नसे. कुणाच्या लग्नात कोण कुठलं लुगडं नेसलं होतं, हेसुद्धा त्या सांगत. चाळिशीत त्या साक्षरता वर्गाला जाऊ लागल्या, तेव्हा गुरुबसप्पांना कोण आनंद. प्रमाणपत्राला चौकट त्यांनीच करून आणली. ती अजून भिंतीवर होती.

“आजी, मी वाचू का? तू लई वेळ लावतीस,” पिंकी दारातून म्हणाली.

“नको बाई. तू वाचलंस की यष्टीचा कंडक्टर गावं सांगतोय असं वाटतं.”

गुरुबसप्पा हसले नाहीत. ताटही जवळ ओढलं नाही. पुन्हा भिंतीकडं वळायच्या बेतात दिसले. गिरिजाबाईंनी चष्मा पुसला, पुस्तक उघडलं आणि घसा साफ केला.

यानात चंद्रिका एकटी उरली होती. पत्र्याला भोक पडलं होतं, हवा तासाभराची होती. इथवर आवाज नेहमीसारखा खणखणीत होता. मग तो जरा हळू झाला. चंद्रिकेनं इकडंतिकडं पाहिलं. डब्यात कणीक मळलेली होती. तिनं तिचा गोळा करून भोकाला थापला, वरून ओलं फडकं दाबलं. हवा थांबली. यान वळलं. दिवेलागणीला चंद्रिका आपल्या घरी पोचली आणि तिच्या आईनं तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला.

गिरिजाबाईंनी पुस्तक मिटलं.

गुरुबसप्पांनी चाचपत ताट जवळ घेतलं आणि भाकरी मोडली.

“ब्येस झालं,” ते म्हणाले. “मी वाचलं तवा ती मेली होती.”

“पुस्तकात हाय तेच वाचलं मी. तुमी इसरला असाल.”

“असंल.” त्यांनी सावकाश घास चावला. “चाळीस पुस्तकं झाली, गिरिजा. चाळीत वाचताना मी जितं खोकलो, तितं तू पण थांबलीस. जितं माझा च्या आला, तितं दम घेतलास. साक्षरतेच्या वर्गातबी असंच पाठ म्हणून पास झाली असशील. ह्याचं शेवटचं प्रकरण वाचलं त्या दिवशी तू विरेशच्या वेळी बाळंतपणाला दवाखान्यात होतीस.”

गिरिजाबाईंनी चष्मा काढून पुस्तकावर ठेवला.

“आमटी वाढ,” गुरुबसप्पा म्हणाले, “आणि उद्यापासनं पिंकीकडं बाराखडी शिकायला बस. तवर गोष्टीबिगर जेवतो मी.”