नव्या कन्व्हर्टरची थरथर

"अजून थरथरतेय," बाबा म्हणाले. "परत वळव."

मुलीने पुलाच्या टोकाला गाडी वळवली. ही चौथी फेरी होती. नदीकाठचा हा रस्ता सरळ आणि गुळगुळीत, म्हणून वर्कशॉपमधली प्रत्येक गाडी इथेच पारखली जायची. बाबा शेजारी बसले होते, डोळे मिटून, तळहात गिअरच्या दांड्यावर टेकवून. चाळीस वर्षं ते ऑटोमॅटिक गाड्यांचे गिअरबॉक्स दुरुस्त करत होते आणि गाडीचं दुखणं असंच ओळखायचे. गिऱ्हाइकं त्यांना नाडीवाले म्हणत. त्यांच्या हाताने होकार दिल्याशिवाय एकही गाडी फाटकाबाहेर पडत नसे.

ही गाडी एका नर्सबाईंची होती. अंथरुणाला खिळलेल्या पेशंटांसाठी त्यांना रोज टेकडीवरच्या वस्तीत जावं लागे. चढावर गाडीचा दम तुटायचा, तेल तापायचं. इंजिनाची ताकद गिअरबॉक्सपर्यंत पोचवणारा, तेलाने भरलेला गोल डबा, म्हणजे टॉर्क कन्व्हर्टर, पार थकला होता. बाबांनी त्याच्या जागी जास्त ताकदीचा नवा बसवला. त्याला तीन दिवस झाले. तीन दिवस नर्सबाई औषधांची पिशवी खांद्याला लावून टेकडी पायी चढत होत्या, आणि सकाळी जाताजाता दारात उभ्या राहून एकच विचारत होत्या, "आज मिळेल का हो?"

नवा कन्व्हर्टर बसवल्यावर ट्युनिंग करावं लागतं की नाही, यावरून बापलेकीत कितीतरी वर्षं जुंपलेली. ती म्हणायची, गाडीच्या कॉम्प्युटरला जुन्या भागाची सवय असते. नवा पकड कधी घेतो, त्याला दाब किती लागतो, हे सांगावं लागतं, नाहीतर ठरावीक वेगाला गाडी थरथरते. बाबा म्हणायचे, "भाग नीट बसला की गाडी आपणहून जुळवून घेते. घोड्यावर नवं खोगीर घातलं म्हणून घोड्याला शिकवणी लावतात का?" मग सगळं वर्कशॉप हसायचं. तिच्या लॅपटॉपला ते 'तुझी ती पाटी' म्हणत आणि त्या पाटीकडे ढुंकूनही बघत नसत.

या वेळी मात्र ते स्वतःहून म्हणाले होते, "तुझी ती पाटी आण. ट्युनिंग करून बघ."

तिला बरं वाटलं होतं. उशिरा का होईना, पटलं एकदाचं, असं ती मनात म्हणालीही. तिने ट्युनिंग केलं. पहिल्याच खेपेला थरथर गेली, स्क्रीनवरची वेडीवाकडी रेष सरळ झाली. पण बाबांचा हात काही मान्य करेना. त्यांच्यासाठी तिने दुसऱ्यांदा केलं, मग तिसऱ्यांदा. गेल्या काही आठवड्यांत हे फार व्हायला लागलं होतं. चांगले धडधाकट दोन गिअरबॉक्स त्यांनी परत उघडायला लावले होते आणि आत काहीही निघालं नव्हतं. ती वैतागली होती. वय झालं की माणूस हेकट होतो, एवढाच अर्थ तिने त्यातून काढला होता.

"बाबा, काही नाहीये हो," ती आता म्हणाली. "साठचा वेग आहे, बघा. पाण्यासारखी चाललीय."

"तुझ्या पाटीला काय कळतंय? माझ्या हाताला लागतंय."

तिने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. थांबवून गिअर बदलायला तिने हात पुढे केला. तिला जागा व्हावी म्हणून बाबांनी आपला हात वीतभर वर उचलला. तिची बोटं दांड्यावर टेकली. इंजिन चालू होतं, तरी दांडा एकदम शांत होता. बाबांचा हात वर हवेतच होता, कशालाही न लागलेला. आणि तो थरथरत होता. अंगठा आणि शेजारचं बोट एकमेकांवर घासत होती, चिमटीत काहीतरी मळत असल्यासारखी.

बाबांचे डोळे मिटलेलेच होते.

पाना कसा धरायचा, नट कुठपर्यंत आवळायचा आणि कुठे थांबायचं, हे सगळं तिला याच हाताने शिकवलं होतं.

"हो बाबा," ती म्हणाली. आवाज नेहमीसारखा राहावा म्हणून तिने नजर समोर ठेवली. "आत्ता मलाही थरथर जाणवली. आहे थोडी. माझंच चुकलं असेल कुठेतरी. परत करते ट्युनिंग."

बाबांनी डोळे उघडले. ते तिच्याकडे वळले. वादात आजवर एकदाही माघार न घेतलेली त्यांची पोर खाली मान घालून बसली होती.

"तू कधीपासून माझं ऐकायला लागलीस?" त्यांनी हळूच विचारलं.

ती लॅपटॉप उघडायला लागली.

बाबांनी तो हात मांडीवर ठेवला आणि दुसऱ्या हाताने झाकला.

"गाडी आजच देऊन टाक त्यांना. ट्युनिंग पहिल्याच खेपेला बरोबर झालंय."

"म्हणजे... तुम्हाला माहीत होतं?"

"तीन महिने झाले," बाबा म्हणाले. "येईल त्या गाडीत ही थरथर शोधत होतो. वाटायचं, एखाद्या तरी गाडीत सापडेल."