पुठ्ठ्यावरचा कॉम्प्युटर

सुलक्षणाने चपला दाराबाहेर काढल्या आणि कॉम्प्युटरच्या खोलीत पहिल्यांदाच पाऊल टाकलं.

शिक्षण खात्याकडून आलेले साहेब खुर्चीत बसले होते. घाटकोपरच्या या मराठी शाळेत मुलं खरोखर मशीन वापरतात का, एवढंच त्यांना बघायचं होतं. वापरत नसतील तर ते मुलुंडच्या एका इंग्रजी शाळेला जाणार होतं. मुख्याध्यापकांनी मशीनवरचं मखमली कापड दोन्ही हातांनी उचललं, घडी घालून बाजूला ठेवलं. आल्या दिवसापासून त्याला कुणी हात लावलेला त्यांना चालला नव्हता. दसऱ्याला हळदकुंकू वाहिलं, तेही दुरूनच.

म्हणून मग अनुपमाबाईंनी एका पुठ्ठ्यावर स्केचपेनने सगळी बटणं आखून दिली होती. नववीची मुलं मधल्या सुट्टीत त्यावर बोटं बसवायची. सुलक्षणाचा हात सगळ्यांत चलाख. वर्गातला सहदेव चिडवायचा, तुझ्या पुठ्ठ्यावर पिक्चर कधी लागणार गं? ती वर न बघता बोटं चालवत राहायची. आज बाईंनी तिचंच नाव दिलं होतं.

"शाळेचं नाव लिही, बाळ," साहेब म्हणाले.

"जपून गं," मुख्याध्यापक म्हणाले.

सुलक्षणाची बोटं बटणांवरून फिरली. एक अक्षर चुकलं नाही. शेवटच्या अक्षरावर येऊन तिने हात मांडीवर घेतले आणि वर पाहिलं.

पडदा काळाच होता. कोपऱ्यात एक बारीक रेघ लुकलुकत होती.

साहेबांनी पुन्हा लिहायला सांगितलं. आपला हात जड पडला असेल असं वाटून तिने या वेळी बटणांना जेमतेम स्पर्श केला. अनुपमाबाईंच्या लक्षात आलं. त्या पुढे निघाल्या, पण मुख्याध्यापकांनी डोळ्यांनीच त्यांना थांबवलं. साहेबांसमोर मुलीला सांगायचं नसतं.

साहेब स्वतःच वाकले आणि त्यांनी एक बटण दाबलं. पडद्यावर अक्षर उमटलं. सुलक्षणा दचकून मागे सरली.

"मशीन मात्र छान ठेवलंय तुम्ही," साहेब उठत मुख्याध्यापकांना म्हणाले. "काचेवरचं प्लास्टिकसुद्धा निघालेलं नाही. मुलुंडला नवं म्हणूनच देता येईल."

मुख्याध्यापकांनी संकोचून हात जोडले.

बाहेर व्हरांड्यात सुलक्षणाला रडू आवरेना. बोटं तर बरोबर पडली होती, मग चुकलं कुठे, असं ती पुन्हा पुन्हा विचारत होती. अनुपमाबाईंनी तिचं बोट धरलं आणि आपल्या तळहातात रुतवलं.

"असं दाबायचं असतं गं."

सुलक्षणाने बोट झटकन काढून घेतलं. बाईंच्या तळहातावर तिच्या नखाची खूण उमटली होती. ती तिकडे बघत राहिली.

"एवढं जोरात?" ती म्हणाली. "आणि त्या मुलुंडच्या मुलांना कुणी ओरडत नाही, बाई?"