डावा कान

कारखान्याच्या प्रशिक्षण दिनाला निवृत्त पाचर्णे मिस्त्री शेवटच्या रांगेत बसले होते. मंचावरचे मोठे पाहुणे शिकवण्याच्या नव्या पद्धती समजावत होते. मिस्त्रींना निम्मं कळलं नाही. आपण तर तीस वर्षं नुसतं ‘बघ आणि कर’ म्हणत राहिलो, या विचाराने ते ओशाळले.

मग प्रात्यक्षिक सुरू झालं. मुद्दाम बिघडवलेली मोटर घरघरत होती. नवी फिटर पोरगी पुढे आली. तिने स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटरीवर टेकवलं, मूठ डाव्या कानाला लावली आणि डोळे मिटले.

"मागचं बेअरिंग गेलंय."

अगदी बरोबर होतं. तिच्यानंतर आलेल्या दोघा फिटरांनीही डावाच कान लावला.

"उजवा का नाही?" पाहुण्यांनी विचारलं.

"आमच्याकडं असंच शिकवतात, सर. मला कदमदादांनी शिकवलं, त्यांना पाचर्णे मिस्त्रींनी. डाव्या कानाला खोट लगेच कळते."

मिस्त्रींचा ऊर भरून आला. नोकरीच्या पहिल्याच वर्षी, पत्रे ठोकण्याच्या दणदणाटात त्यांचा उजवा कान गेला होता. एवढं सांगायचं राहूनच गेलं होतं.

आता तर ते मुळीच सांगणार नव्हते.